वाढू का?

शहरातल्या निम्म्या दुकानांचे काटे ज्याच्या हाताखालून जात, त्या माणसाला सगळे तोळा म्हणत. तरुणपणी तो सोनारांचे नाजूक काटे दुरुस्त करायचा, म्हणून तोळा. पुढे सोनार कमी झाले, किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांचे काटे येऊ लागले, आणि तोळा स्वतः मात्र बारमाही वाढत गेला. "हा तोळा, तर शेर केवढा असेल?" असं गिऱ्हाइकं म्हणत. त्यावर तो हसे, हसताना त्याचं पोट हले आणि ते बघून मंडळी आणखी हसत. माणूस भला होता. मापात पाप त्यानं कधी केलं नाही आणि केलेलं खपवूनही घेतलं नाही.

पण दिव्याखाली अंधार असतोच. दुसऱ्याच्या काट्यातली गुंजभर खोट पकडणाऱ्या या माणसानं छप्पन्न वर्षं स्वतःचं वजन केलेलं नव्हतं. ते झालं दवाखान्यात. एकशे आठ किलो चारशे ग्रॅम.

झालं तेही बहिणीपायी. त्याला एक धाकटी बहीण होती. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि एका छापखान्याची मुद्रितं तपासायची. घरात तिला धाकटी म्हणत, आणि ती पन्नाशीला आली तरी धाकटीच राहिली. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्राला जोडून घ्यायचं, उरलेल्या दिवसांत पाणीसुद्धा मोजून प्यायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. भावाची किडनी तिला जुळत होती. फक्त डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एवढ्या वजनाच्या माणसावर आम्ही सुरी चालवणार नाही, पंच्याण्णवच्या आत या. आणि चौदा आठवड्यांत या, कारण त्यापुढे यांची तब्येत वाट बघेल असं वाटत नाही.

तोळ्यानं होकार दिला, आणि त्याला आहारवाल्या बाईंकडे पाठवलं गेलं.

"काका, भात किती खाता?" बाईंनी विचारलं.

"दोन वाट्या."

"कुठली वाटी? दाखवा बरं हातानं."

तोळ्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. बाईंनी ती बराच वेळ पाहिली. "काका, ही वाटी नाही. हे पातेलं आहे."

"बरं, मग दीड."

"अंदाज नको. अंदाज फार गोड बोलतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण म्हणतो, मी काहीच खात नाही हो. खोटं बोलत नाहीत बिचारे, फक्त मोजत नाहीत. तांदूळ कच्चा मोजायचा, पन्नास ग्रॅम. शिजल्यावर तोच दीडशेच्या घरात जातो. कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावलात की कारभार आटोपला. आधी रिकामं भांडं काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग पदार्थ घालायचा. तेल चमच्यानं घ्यायचं, आणि चमचा सपाट, शिगोशीग नाही. चव बघताना तोंडात टाकलेलं असतं, तेही धरायचं."

"बाई," तोळा हरखून म्हणाला, "माशाच्या पिलाला पोहायला शिकवताय तुम्ही."

"पिल्लू पोहत असतं तर इथवर आलं नसतं," बाई म्हणाल्या आणि कागदावर आकडे लिहू लागल्या.

तोळ्याचं दुकान पुढे आणि राहणं मागे. मागच्या खोलीत शेगडी, नळ, एक लहान टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची, त्यामुळे भर दुपारीही उजेड राखाडी असायचा. एका खुर्चीवर तो बसे. दुसरी धाकटीची. आजाराआधी ती रोज दुपारी जेवायला यायची. तिला पथ्य लागलं आणि येणं थांबलं, तशी ती खुर्ची तोळ्यानं कामाला लावली होती. मोठा काटा दुरुस्त झाला की पितळी वजनं लावण्याआधी तो त्यावर ही खुर्ची ठेवून बघे. हाताशी असलेला, ठाऊक वजनाचा जिन्नस. बैठकीच्या खालच्या बाजूला त्यानं खडूनं लिहून ठेवलं होतं: ५.६.

आता मोजण्याची त्याची रीत ऐका, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. बाईंनी सांगितलं होतं, मोजून घ्या. पण तोळ्याचा हात जुन्या वळणाचा. सगळं कच्चं मोजून शिजवलं, तरी तो दोन वेळचं एकदम शिजवी, आणि ताट आधी भुकेला बरं दिसेल इतकं भरी. मग ते काट्यावर ठेवून आकडा बरोबर येईपर्यंत चमच्याचमच्यानं काढत जाई. काढलेलं दुसऱ्या ताटात. टेबल लहान, म्हणून ते दुसरं ताट पलीकडे, धाकटीच्या खुर्चीपुढे. ते रात्रीचं.

"हे माझं," पहिल्या दिवशी तो आपल्या ताटाकडे बघून म्हणाला. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीला, निव्वळ एकटेपणाच्या गमतीत, "आणि हे तुझं."

पहिल्या आठवड्यात नऊशे ग्रॅम उतरले. दुसऱ्यात किलो. तोळ्यानं भिंतीवर पाटी टांगली आणि दर सोमवारी सकाळी, दात घासल्यावर आणि चहाच्या आधी, आकडा लिहू लागला. भूक लागे, पण तिला तो गिऱ्हाइकासारखं वागवी: बसा, तुमचा नंबर येईल.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचा एक वाजला होता. पुढच्या दुकानात एक काटा उघडा पडला होता, आणि तोळा जेवताजेवता त्याच्या स्प्रिंगचा विचार करत होता. डोकं खाली, डोळे ताटात. तेवढ्यात समोरून कुणीतरी विचारलं, "वाढू का?"

"वाढ की थोडं," तो म्हणाला.

आणि घास तोंडाशी नेता नेता थांबला. घरात कुणी नव्हतं.

आवाज हळू होता, अदबशीर. बाईचा की पुरुषाचा, तेही सांगता येईना. घराघरांत जेवणाऱ्याच्या मागून जो प्रश्न येतो, ज्याला चेहरा असावाच लागत नाही, तसा. भावंडांची आई असंच विचारायची. तिच्यापुढे 'नको' म्हणून भागत नसे, ताटावर हात आडवा धरावा लागे. गप्प बसलं तर तिच्या हिशेबी तो होकारच. तोळ्यानं आपलं ताट पाहिलं. काही पडलं नव्हतं. समोरचं ताट काट्यावर ठेवलं. दोनशे बारा ग्रॅम, ठेवताना होतं तितकंच. कुणी शीतही उचललं नव्हतं.

"रिकामं पोट काहीही ऐकवतं," तो स्वतःशी म्हणाला आणि नळाखाली तोंड धुऊन कामाला बसला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. रोज जेवण अर्ध्यावर आलं, मन दुसरीकडे गेलं, की नेमका तेव्हा. "वाढू का?" कधी तोळा सवयीनं "हं" म्हणून जाई, कधी गप्प राही. माणसाला कशाचीही सवय होते. आठवड्याभरानं त्याला भीतीपेक्षा संकोच जास्त वाटू लागला, जसा ओळख विसरलेल्या पाहुण्यापुढे वाटतो.

सहाव्या सोमवारी पाटीवर लिहिलं, १०२.८. पाच किलो सहाशे ग्रॅम गेले होते. तोळा खुशीत होता. त्यानं खोली झाडायला काढली, आणि धाकटीची खुर्ची पायानं बाजूला सारायला गेला, तर ती सरकली नाही. दोन्ही हात लावले तेव्हा हलली, आणि फरशीवर पाय घासल्याचा असा आवाज झाला, जसा कुणी बसलेलं असताना खुर्ची ओढल्यावर होतो.

त्यानं ती पुढच्या मोठ्या काट्यावर नेऊन ठेवली.

अकरा किलो दोनशे.

काटा बिघडला, असं आधी मनात आलं. मग त्यानं पाणसळ बघितली, बुडबुडा मधोमध होता. मखमलीच्या पेटीतून पितळी वजनं काढली. लहान वजनं तो चिमट्यानंच धरी, कारण बोटांच्या तेलाचंही वजन होतं. एक किलो ठेवलं, एक किलो दाखवलं. पाच, दहा, वीस. काटा चोख. पुन्हा खुर्ची. अकरा किलो दोनशे. त्यानं ती उलटी केली. खालचा खडू तसाच होता, पाच पॉइंट सहा. एका खुर्चीत दोन खुर्च्या बसल्या होत्या.

पाच पॉइंट सहा वर. पाटीवरूनही तेवढेच गेलेले.

तोळा स्टुलावर बसला. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. एका पारड्यातून उचललेलं नाहीसं होत नाही, ते कुठेतरी जातं.

त्याच संध्याकाळी तो धाकटीकडे गेला. ती खिडकीपाशी मुद्रितं घेऊन बसली होती. हातापायांच्या काड्या झालेल्या, चेहरा तेवढा सुजलेला. बाजूला पाण्याची बाटली, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा. त्यानं सगळं सांगितलं. ती कानामागची लाल पेन्सिल काढून ऐकत राहिली.

"दादा, खुर्चीच्या अंगात पाणी साठलं असेल," ती शेवटी म्हणाली. "माझ्या नाही साठत? दोन दिवसांत तीन किलो. तिचीही किडनी गेली असेल बघ."

"थट्टा नको गं."

"मग काय करू? मला दिवसाला साडेसातशे मिली मिळतं. त्यातलं शंभर तुझ्या खुर्चीसाठी डोळ्यांतून गाळू का?"

"मी घाबरलोय, धाकटे."

तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं. काय विचारतं ते? अक्षरशः सांग. तुझ्या शब्दांत नको."

"वाढू का."

तिनं मुद्रिताच्या समासात लाल अक्षरात लिहिलं, वाढू का? आणि चुकीच्या ओळीकडे बघावं तशी भुवया आकसून बघत राहिली.

"यात कर्म कुठाय?"

"काय?"

"कर्म रे. शाळेत मार खाल्लास ते. काय वाढू? भात वाढू, भाजी वाढू, असं काही म्हणतं?"

"नाही. नुसतं वाढू का."

"आणि ताटात काही पडतं?"

"शीतसुद्धा नाही."

धाकटीनं शब्दाखाली रेघ ओढली. "मग ते तुला वाढत नाहीये, दादा. ते स्वतः वाढायची परवानगी मागतंय. आणि तू भल्या माणसासारखा रोज म्हणतोयस, वाढ की थोडं."

ती हसायला लागली, आणि हसू मध्येच थांबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"उद्यापासून नको म्हण," ती म्हणाली. "आईला म्हणायचास तसं. हात आडवा धरून."

तोळ्यानं तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रश्न आला, तसा त्यानं ताटावर पंजा आडवा धरला आणि म्हणाला, "नको. पुरे." समोर सामसूम. मात्र कुणाचं तरी मन मोडल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तशी ती होती. रात्रीही नको. रोज नको.

सोमवारी पाटीवर आकडा पडला, १०२.८.

एखादा आठवडा असा जातो, असं आहारवाल्या बाई फोनवर म्हणाल्या. शरीर अडून बसतं. मोजण्यात काही सुटतंय का बघा. तोळ्यानं काय सुटतंय ते शोधलं. चहातलं दूध मोजलं. भाजी परतल्यावर कढईला चिकटून राहिलेलं तेल कागदानं टिपून तो कागद मोजला. चमचा चाटायचं सोडलं. काकडीचं देठ आधी कापून मग मोजू लागला. पुढच्या सोमवारी, १०२.८. ग्रॅमचाही फरक नाही. आणि खुर्ची, अकरा किलो दोनशे. दोन्ही पारडी हवेत समोरासमोर थांबली होती.

आठ आठवडे संपले होते. उरले सहा.

त्या सोमवारी तो धाकटीला यंत्रावरून आणायला दवाखान्यात गेला. तिला बाहेर आणलं ते चाकाच्या खुर्चीतून. ओठ पांढरे पडले होते. मध्येच रक्तदाब खाली गेला होता, परिचारिका सांगत होती, आजकाल वरचेवर जातो. धाकटीनं भावाचा हात धरला, आणि तोळ्याला जाणवलं की त्या हाताला वजनच नाही. एकेचाळीस किलो दोनशे, कार्डावर लिहिलं होतं.

"काय म्हणतो काटा?" तिनं विचारलं.

"उतरतोय," तोळा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो वजनाच्या बाबतीत खोटं बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ताट मोजलं. दुसरं ताट पलीकडे ठेवलं. डोकं खाली न घालता, समोरच्या खुर्चीवर नजर लावून तो जेवत राहिला. अर्ध्यावर आल्यावर प्रश्न आला. या खेपेला त्यात आर्जव होतं.

"वाढू का?"

तोळ्यानं हातातला घास खाली ठेवला. "वाढ," तो म्हणाला. सवयीनं नाही, समजून उमजून. खुर्ची करकरली. बारीक, तृप्त करकर, जेवून उठणाऱ्या माणसाच्या खुर्चीची होते तशी.

त्या आठवड्यात दीड किलो उतरला. पुढच्यातही दीड. आता समोर बसलेल्याशी तो बोलू लागला होता. आज काट्याचा अमका भाग मिळेना, आज पाऊल हलकं वाटतं, असं काहीबाही. उत्तर मिळत नसे, फक्त तो एक प्रश्न. पण खुर्चीच्या बैठकीला मधोमध खळगा पडत चालला होता, आणि तो ओळखीचा होता. पलीकडे स्वतःच्या खुर्चीला तसाच खळगा होता. त्याची विजार सैल झाली, गाल उतरले, आरशात वडिलांसारखा कुणीतरी दिसू लागला. गिऱ्हाइकं म्हणाली, "काय तोळाशेठ, आता खरंच तोळा झालात!" आणि त्याला हसू आलं नाही, कारण हलायला पोट उरलं नव्हतं. उरलेलं सगळं मागच्या खोलीत बसलेलं होतं.

चौदाव्या सोमवारी दवाखान्याच्या काट्यावर चढताना त्यानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. चौऱ्याण्णव किलो आठशे. आहारवाल्या बाईंनी टाळी वाजवली. "काका, माशाच्या पिलानं नाव काढलं!" डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली. घरी येऊन तोळ्यानं खुर्ची काट्यावर चढवली. ती आता उचलताना धाप लागत होती. एकोणीस किलो दोनशे. खुर्चीचे पाच पॉइंट सहा, त्याचे तेरा पॉइंट सहा. हिशेब चोख.

असू दे, त्याला वाटलं. ठेवा म्हणून राहील कोपऱ्यात. कुणाचं काय बिघडतंय?

मंगळवारी दुपारी, जेवण आटोपून ताटं धुऊन झाल्यावर, तो टेबलाशी शस्त्रक्रियेची माहिती वाचत बसला होता. चष्मा नाकावर, बोट ओळीवर, पुटपुटत. "...डावी किडनी काढली जाईल. प्रौढ माणसाच्या किडनीचं वजन साधारण दीडशे ग्रॅम..."

"वाढू का?"

टेबलावर अन्नाचा कण नव्हता. तोळ्याच्या अंगावर काटा उभा राहिला. तो तोंड मिटून बसला, आणि मग आठवलं की गप्प बसणं म्हणजे होकार.

"नको!" तो ओरडला. दोन्ही पंजे त्यानं त्या छापील कागदावर आडवे दाबून धरले.

त्यातली खोच त्याला आता पुरती कळली. त्याच्या अंगातून जे जे उतरलं, ते समोर जाऊन बसलं होतं. परवा आणखी दीडशे ग्रॅम उतरणार होते. आणि ते उतरताना तो झोपलेला असणार. ना तोंड उघडता येणार, ना हात आडवा धरता येणार.

तो धावत, म्हणजे आता त्याला धावता येत होतं, धाकटीकडे गेला. तिला उद्या भरती व्हायचं होतं. पिशवी भरून दाराशी ठेवलेली. त्यानं खोटं बोलल्याचं सांगितलं, वाढ म्हणाल्याचं सांगितलं, दीडशे ग्रॅमचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त पलंगावर टेकली.

"म्हणजे तुझी किडनी काढणार, माझ्यात बसवणार, आणि ती चालणार त्या खुर्चीत," ती म्हणाली.

"तारीख पुढे ढकलू या?"

"मला पुढे नाही, दादा." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. मग बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. ओठ हलत होते. अडलेलं वाक्य ती असंच घोळवत असे. "नको म्हणून उपयोग नाही. नको म्हटलं की तुझ्यातूनही उतरत नाही, ते बघितलंस तू. त्याला वाढूच दे. फक्त अकर्मक नको."

"समजेल असं बोल."

"वाढू का, असं विचारलं ना, की त्याला नुसतं वाढ म्हणू नकोस. कुणाला, ते सांग. एकदा कुणाला आलं की ते क्रियापद वळतं. मग ते स्वतः वाढत नाही, दुसऱ्याला वाढतं." तिनं लाल पेन्सिलीनं त्याच्या तळहातावर लिहिलं, लहानपणी आई पाढे लिहून द्यायची तसं. "हे म्हण. पण झोप लागायच्या आत."

गुरुवारी सकाळी त्याला थंड, पांढऱ्या खोलीत नेलं. टेबल अरुंद होतं. दोन्ही हात बाजूला पट्ट्यांनी बांधले. तळहातावरची अक्षरं कुणीतरी स्पिरिटनं पुसली होती. भूल देणारे डॉक्टर वाकून म्हणाले, "काका, दहापासून उलटं मोजा."

मोजायला सांगितल्यावर तोळ्याला बरं वाटलं. "दहा. नऊ. आठ." दिव्याच्या कडा विरघळू लागल्या. "सात." जीभ जड झाली. "सहा."

उशाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"वाढू का?"

"धा..." तोळ्याची जीभ वळेना. एकशे आठ किलोचा देह उचलावा तसा त्यानं तो शब्द उचलला. "धाकटीला. धाकटीला वाढ."

शुद्धीवर आल्यावर परिचारिकेनं हसून विचारलं, "काका, कुणाला जेवायला घालत होतात? धाकटीला वाढ, धाकटीला वाढ, नुसता धोशा."

"ती कशी आहे?" त्यानं विचारलं.

"टेबलावरच किडनी चालू झाली. डॉक्टर म्हणाले, इतकी तडफदार किडनी बघितली नव्हती."

दहा दिवसांनी घरी आल्यावर जड उचलायची मनाई असूनही तोळ्यानं आधी खुर्चीला हात घातला. एका हातानं उचलली गेली. काटा म्हणाला, पाच किलो सहाशे. बैठकीतला खळगाही नव्हता. त्या दिवसापासून दुपारी जेवताना कुणी काही विचारलं नाही. सुरुवातीला त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

तीन महिन्यांनी धाकटी जेवायला आली. दोन गल्ल्या चालत, रिकाम्या हातानं, वाटेत कुठे न टेकता. गाल भरलेले, मनगटं गोल. औषधांनी भूक लागते म्हणून ती सांगत होती, आणि खाल्लेलं अंगी लागतंय म्हणून डॉक्टर खूश होते. "दादा, आता माझंही वजन कर तुझ्या काट्यावर," ती म्हणाली आणि हसत हसत मोठ्या काट्यावर चढली.

चोपन्न किलो नऊशे पन्नास.

तोळ्याच्या डोक्यात वजाबाकी आपोआप होते, त्याला तो काय करणार. एकेचाळीस किलो दोनशे वजा केले. तेरा किलो साडेसातशे उरले. त्याचे तेरा किलो सहाशे, वर दीडशे ग्रॅम.

त्यानं पाटीचा खडू खिशात टाकला आणि दोघं मागच्या खोलीत गेली. ती आपल्या जुन्या खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली. ती भराभर जेवली, चवीनं, शेवटचा घास ताटाच्या कडेनं फिरवून, बोट पुसून. तोळ्याला ते घास फिरवणं ओळखीचं वाटलं. तो स्वतः असंच करायचा, मोजायला लागायच्या आधी.

मग ती उठली, डाव हातात घेतला, त्याच्या ताटावर वाकली आणि हळू, अदबशीर आवाजात म्हणाली, "वाढू का?"

तोळ्याचा हात ताटावर आडवा गेला होता. त्यानं मान वर केली.

"काय?" त्यानं विचारलं.

धाकटी हसली. "भात," ती म्हणाली, "कर्म घातलं बघ."

पण ते म्हणायला तिला क्षणभर वेळ लागला.